भरतेशचं ताट

१३ जून, शुक्रवार. सांगली

सात दिवसांचं शिबिर होतं. आज त्रेचाळिसावा दिवस.

भरतेशची बॅग मीच भरून दिली होती. वर म्हणालेही, "जा बाबा, काय शांती मिळवायची ती लग्नाआधी मिळवून घे, नंतर मिळायची नाही." माझ्या जिभेला हाड नाही. तो हसत हसत वाईला गेला आणि तिथलाच झाला. फोन बंद. मागच्या आठवड्यात चार ओळींचं पत्र आलं. "मी हलका होतोय. माझी वाट पाहू नकोस. वाट पाहणं हीसुद्धा एक गाठ आहे." ज्या माणसाला अजून बुटाच्या नाडीची गाठ धड मारता येत नाही, तो मला गाठी शिकवतोय!

मार्गशीर्षात आमचं लग्न आहे. हॉल ठरलाय, दागिने घडवून झालेत. अण्णांना म्हटलं, चला, जाऊन घेऊन येऊ. तर ते म्हणतात, "वैराग्य आलं असेल तर आडवं जाऊ नये ब्राह्मी, पाप लागतं." आमच्यात हे असंच. कुणी संसार सोडतो म्हटलं की जैन माणूस आधी हात जोडतो, विचार नंतर करतो. अहो अण्णा, पण हे काय आपले मुनीमहाराज आहेत का? वीरधवल नावाचे गृहस्थ आहेत, पस्तिशीचे. पुण्यात कंपन्यांमधून भाषणं द्यायचे. आता 'उगमधाम' काढलंय आणि सगळे त्यांना 'सखा' म्हणतात. जाणारी पोरं कोण, तर बागायतदारांची, कारखान्याच्या संचालकांची, बिल्डरांची. गरिबाला तिकडे वैराग्य येत नसावं.

रविवारी मी एकटी जाते. आठ दिवस कोल्ड स्टोरेज जिनेंद्र बघेल, धाकटा भाऊ असला तरी आता शिकलाय. बेदाण्याच्या सौद्यात पंधरा व्यापाऱ्यांना गप्प बसवणारी मी, एका सख्याला काय भिते? कान धरून घेऊन येते भरतेशला.

१५ जून, रविवार. उगमधाम

वाईच्या पुढे, धोमच्या रस्त्याला, डोंगराच्या कुशीत आहे. जागा सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. आवारात उभ्या गाड्या बघितल्या तर शोरूमच वाटेल.

राणीताई म्हणून इथल्या सगळ्या कारभाराच्या बाई आहेत. पांढरी साडी, आवाज मधासारखा. पाणी दिलं आणि फोन मागून घेतला. म्हणाल्या, "तीन दिवस शांत राहा, मग भेट. बाहेरची घाई घेऊन आलात तर आतल्या माणसाला त्रास होतो." भांडायची सगळी वाक्यं मी शिरवळपासूनच... छे, शिरवळ कुठलं, कराडपासूनच तयार ठेवली होती. डोकं ठिकाणावर नाही माझं.

मग सखा भेटले. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "तू दमली आहेस, ब्राह्मी." आणि काय झालं कुणास ठाऊक, मी ढसाढसा रडले. सहा वर्षं धंदा सांभाळतेय, पण हे मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

जेवण इथे अंधार पडल्यावर असतं. मी सूर्य मावळल्यावर जेवत नाही म्हटलं तर राणीताई हसल्या. "भूक काय सूर्याला विचारून लागते?" उपाशीच राहिले. खोलीत इस्लामपूरची स्वप्नाली आहे, दीड वर्षापासून इथेच. तिने सांगितलं, रोज संध्याकाळी मनातल्या गाठी एका वहीत लिहून ती राणीताईंना द्यायची. ती वही वेगळी. ही माझी वही मी कपड्यांच्या तळाशी ठेवलीय.

१८ जून, बुधवार

दिसला!

सकाळी अंगण ओलांडून चालला होता, पाच-सहा जणांच्या रांगेत. केस बारीक कापलेत, गाल आत गेलेत. मी खांबाआड होते तरी त्याने मला पाहिलं. डावा कान चिमटीत धरला. शाळेत असल्यापासूनची आमची खूण आहे ती, चुकलो म्हणायची. मी धावणार एवढ्यात राणीताईंनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि रांग वळणाआड गेली.

एवढ्याशा कानाच्या पाळीवर मी सहा महिने जगू शकेन.

२० जून, शुक्रवार

भरतेशने एकांत घेतलाय. वरच्या कुटीत राहणार, कुणाला भेटणार नाही. राणीताई म्हणाल्या, "तुला पाहून तो डळमळला. त्याची तपश्चर्या मोडायची नसेल तर थांब." म्हणजे दोष माझाच.

मग त्यांनीच मार्ग काढला. स्वयंपाकघरात सेवा कर, भरतेशचं ताट तूच वाढ. बोलायचं नाही, चिठ्ठी ठेवायची नाही, फक्त ताट. ते वर पोचवायचं काम नाथाजींचं. हे सख्यांचे ड्रायव्हर, फाटकावरही तेच बसतात. जावळीकडचा माणूस, मिशा भरघोस.

घरी कळवलंय, आणखी पंधरा दिवस. भेटता येत नाही तर निदान जेवू तरी घालता येईल.

२८ जून, शनिवार

रोज साडेपाचला ताट जातं, म्हणजे सूर्य मावळायच्या आत त्याचं जेवण होतं. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. वेगळ्या पातेल्यात करते. काल शेंगापोळ्या केल्या. सांगलीत आमच्या घरी आला की ताटात चार असल्या तरी पाचवी मागायचा.

ताट रिकामं आलं. मी ते कितीतरी वेळ हातात धरून उभी होते, खुळ्यासारखी.

आज फाटकाशी नाथाजी म्हणाले, "शेंगापोळी लय झ्याक झालती, वैनी." पोळ्या फक्त त्या एका ताटात होत्या! म्हणजे भरतेशनेच त्यांना सांगितलं असणार. एकांत मोडून सांगितलं असणार! त्याला माझ्या हातची चव ओळखू आली. दिवसभर जमिनीवर पाय नाहीत माझे.

१० जुलै, गुरुवार

आज गुरुपौर्णिमा. दोनशे जणांनी सख्यांचे पाय धुतले. मी फुलं निवडत बसले होते आणि एकदम लक्षात आलं. आज पौर्णिमा, म्हणजे काल चतुर्दशी होती!

इथे भिंतीवर कॅलेंडर नाही, आभाळात सारखे ढग. तारखा मी या वहीत मोजून ठेवते, तिथी कोण सांगणार? भरतेश चतुर्दशीला जेवत नाही. दहावीत गणित सुटावं म्हणून एका महाराजांपाशी नेम घेतला होता. गणित सुटलं, नेम नाही सुटला. मित्रांबरोबर गोव्याला गेला तरी चतुर्दशीला नुसत्या पाण्यावर. आम्ही त्याची किती टिंगल केलीय. आणि काल मी भेंडीची भाजी, भाकरी, मुगाची आमटी पाठवली, आणि ताट पुसून घेतल्यासारखं परत आलं.

राणीताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तो आता नेमाच्या पलीकडे गेलाय. तुला आनंद व्हायला हवा."

बारा वर्षांचा नेम. मला न सांगता सोडला. आनंद व्हायला हवा खरा. होईल हळूहळू.

१९ जुलै, शनिवार

आज अंधारात सगळ्यांबरोबर जेवले. बटाट्याचा रस्सा होता. भरतेश इतका पुढे गेला आणि मी अजून खिडकीत बसून सूर्य बघतेय, अशाने आमची गाठ पडायची कशी? पहिल्या घासाला मळमळलं. नंतर नाही. बटाटा चांगला लागतो हे मला सत्ताविसाव्या वर्षी कळलं.

सख्यांनी लांबून पाहिलं आणि मान हलवली. मला इतकं बरं वाटलं की माझी मलाच लाज वाटली.

नाथाजी हल्ली डोळ्याला डोळा देत नाहीत. ताट नेताना म्हणाले, "वैनी, एवढं गोडाधोडाचं नका करत जाऊ. साधं द्या कायतरी." भरतेशचाच निरोप असणार, साधेपणाचा. उद्यापासून साधं करते.

२ ऑगस्ट, शनिवार

सख्यांनी बोलावलं होतं. म्हणाले, "तुझी ओढ फार आवाज करते, ब्राह्मी. वर त्याला ऐकू येते." मी चाळीस दिवस मौन पाळलं तर त्यानंतर आम्हा दोघांना समोर बसवतील. लग्नही इथेच, त्यांच्यासमोर. चाळीस दिवस! मी चारशे पाळीन.

राणीताईंनी मौनपत्र दिलं. "मला कोणीही भेटायला आले तरी मी स्वेच्छेने भेटणार नाही." दहा प्रती, तारखेची जागा मोकळी. दहाही प्रतींवर सह्या केल्या. बिनतारखेच्या कागदावर सही करू नये हे जिनेंद्रला मीच कानीकपाळी ओरडून शिकवलंय. पण तो व्यापार. इथे काय कुणी कुणाला फसवायला बसलंय?

ही वही आता रव्याच्या डब्याखाली ठेवते. बोलायचं नाही म्हटल्यावर हात फार शिवशिवतात.

१६ ऑगस्ट, शनिवार

अण्णा आले होते.

स्वयंपाकघराच्या जाळीतून दिसले, फाटकापाशी. पांढरी टोपी, हातात आईने दिलेली पिशवी. राणीताईंनी त्यांना माझ्या सहीचा कागद दाखवला. अण्णांनी चष्मा पुसून दोनदा वाचला. मला वाटलं आता भांडतील, आत घुसतील, ओरडतील माझ्या नावाने. मौन असलं तरी मी गेले असते बहुतेक. एकदा जरी हाक मारली असती तरी.

त्यांनी पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या आणि इमारतीकडे तोंड करून मला नमस्कार केला. संसार सोडलेल्या माणसाला करतात तसा, वाकून. बापाने लेकीला.

राणीताई म्हणाल्या, "बघ, तुझी केवढी मोठी गाठ सुटली." सुटली असेल.

३० ऑगस्ट, शनिवार

लिहिण्यासारखं फार नाही. शांत आहे. ताट जातं, रिकामं येतं.

घरी पत्र लिहून ठेवलंय, लग्नाचे दागिने इथे पाठवा म्हणून. मौन सुटायच्या दिवशी सख्यांच्या पायाशी विसर्जन करायचे. राणीताईंनी मजकूर सांगितला, अक्षर माझं. ही वहीसुद्धा सात तारखेला त्यांना देऊन टाकणार आहे. चोरून लिहिणं ही सगळ्यात घट्ट गाठ.

त्याच दिवशी नव्या मुलींचं शिबिर सुरू होतंय. कोल्हापूर, सातारा, पुणे. राणीताई म्हणाल्या, तेवढ्यापुरतं तुझं मौन शिथिल, स्वागत तू कर. विशेष काही बोलायचं नाही. डोळ्यांत बघायचं, मुलीचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, "तू दमली आहेस." बहुतेक जणी रडतात, घाबरायचं नाही.

आरशात म्हणून पाहिलं. जमतं मला.

भरतेश, अजून बारा दिवस.

७ सप्टेंबर, रविवार. सांगली

सांगली. हा शब्द परत परत लिहावासा वाटतोय. सांगली.

काल सकाळपासून वाईच्या बाजूने ढोल-ताशे ऐकू येत होते. गणपती चालले असतील, एवढंच मनात आलं आणि मी भाकरी थापत राहिले. राणीताईंखेरीज सगळी मोठी मंडळी विसर्जनाला गेली होती. साडेपाच वाजून गेले तरी नाथाजी ताट न्यायला येईनात. सहाला आले आणि दारातच उभे राहिले.

"वैनी, बोलू नका, निस्तं ऐका," ते म्हणाले. "भरतेशदादा वर न्हाईत. कवाच न्हाईत. तुमी आल्यावर पाचव्याच दिशी लोणंदच्या केंद्रावर धाडलं त्यास्नी. तितनं महिन्याभरानं घरला गेलं ते. तुमचं ताट म्या खाल्लं."

हातातलं ताट मी खाली ठेवलं.

"राणीताईचा हुकूम व्हता. टाकायचं न्हाई, बोलायचं न्हाई, खायाचं. अडीच महिनं खाल्लं. पर त्या दिशी तुमच्या वडलांनी चपला काढून हात जोडलं, तवापासनं घास उतरंना झालाय. दादा दर शनवारी येत्यात, आन मी तुमच्या सहीचा कागद दावून त्यास्नी माघारी लावतो. आज बी आल्यात. भाईर हुबं हायती. तुमचं मीठ खाल्लंय वैनी. आता गप ऱ्हावंना."

खरं सांगायचं तर पहिला विचार आला तो असा, की हीसुद्धा परीक्षा असेल. सख्यांनी मुद्दाम घेतलेली. इतकी वाया गेले होते मी. मग आठवल्या त्या शेंगापोळ्या. ती चतुर्दशी. मी दोन अडीच महिने ज्याच्यासाठी भेंडी चिरत होते, तो वर नव्हताच. रिकाम्या कुटीवर जीव ओवाळत होते मी. राग नंतर आला, आधी त्या बाईची कीव आली जी रोज ताट हातात धरून उभी राहायची.

रव्याच्या डब्याखालची वही कमरेला खोचली आणि भरतेशचं ताट उचललं. अंगणात राणीताई फुलं मोजून घेत होत्या. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "कुठे?"

"भरतेशचं ताट," मी म्हणाले. पस्तीस दिवसांनी तोंड उघडलं होतं, आवाज घोगरा आला.

"जिन्यापाशी ठेव, नाथाजी नेतील," त्या म्हणाल्या. मी जिन्याकडे न वळता सरळ चालत राहिले.

"ब्राह्मी, जिना इकडे आहे."

"माणूस तिकडे आहे, ताई."

मग त्या काय काय ओरडल्या ते ऐकायला मी थांबले नाही. स्वप्नाली व्हरांड्यात उभी होती, तिच्याकडे बघून मी थांबायला हवं होतं. ते राहिलंच. नाथाजींनी फाटक पुरतं उघडलं आणि पलीकडे तोंड करून उभे राहिले.

भरतेश रस्त्याच्या कडेला, गाडीला टेकून उभा होता. केस वाढलेत. मला पाहिलं आणि त्याचा हात आपोआप कानाकडे गेला. मलाही बोलायचं होतं खूप. सौद्यात पंधरा जणांना गप्प करणारी मी, तोंडातून निघालं काय, तर, "आधी जेव. सूर्य चाललाय."

खरंच दहा मिनिटं उरली होती फार तर.

तो ताटाकडे बघत राहिला. भाकरी, दोडक्याची भाजी, दही, लसणीशिवायची शेंगदाण्याची चटणी. मग हळूच म्हणाला, "ब्राह्मी, आज चतुर्दशी आहे गं. अनंत चतुर्दशी. मी नाही जेवत."

विसर्जन म्हणजे अनंत चतुर्दशी, हे शेंबडं पोरही सांगेल. सकाळपासून ढोल माझ्या कानावर पडत होते आणि मला कळलं नव्हतं. आमच्या दशलक्षण पर्वाचे दहाच्या दहा दिवस निघून गेले आणि मी अंधारात बटाटा खात बसले होते. पण तेव्हा हे काहीच सुचलं नाही. अडीच महिन्यांत पहिल्यांदा भरतेशचं ताट भरलेलं राहिलं होतं, आणि ते छातीशी धरून मी भर रस्त्यात मोठमोठ्याने रडत होते. तो म्हणत होता, "अगं, सांडेल, सांडेल."

गाडीत त्याने सगळं सांगितलं. लोणंदला त्याला म्हणाले होते, ब्राह्मी आली होती, भेट नको म्हणाली, साखरपुडा मोडून परत गेली. महिनाभर कसाबसा राहिला आणि मग माझ्यामागे धावत सांगलीला आला, तर मी तिथे! साताऱ्याच्या अलीकडे साडेसात वाजले. ती तिथल्या प्रार्थनेच्या घंटेची वेळ. माझे हात आपसूक जोडले गेले. भरतेशने पाहिलं. म्हणाला फक्त, "माझेही अजून जुळतात."

घरी आले तर अण्णा दारात उभे होते. त्यांनी हात जोडायच्या आत मी ते धरले. "परत करायचं नाही हं असं," म्हटलं. आईने रात्रीत तीनदा उठून मी आहे का ते बघितलं.

उद्या क्षमावाणी. वर्षभरात ज्यांना दुखावलं त्यांची क्षमा मागायची. यादी लांब आहे. पहिला फोन इस्लामपूरला, स्वप्नालीच्या आईला. आज तिकडे नव्या मुली पोचतील. माझ्या जागी दुसरी कुणीतरी त्यांच्या डोळ्यांत बघेल. ते वाक्य मला अजून पाठ आहे. आणि खोटं कशाला लिहू, कुणीतरी ते मला परत एकदा म्हणावं असं आज पहाटेही वाटलं.

कालच्या उपासाचं पारणं करायला भरतेश आमच्याकडे येतोय, सकाळी आठ वाजता. शेंगापोळ्या झाल्यात. उगमधामचं ताट घासून ठेवलंय, त्यातच वाढणार आहे आणि समोर बसून बघणार आहे, शेवटच्या घासापर्यंत.

वाट पाहणं ही गाठ असेल तर असू दे. आठला वीस मिनिटं कमी आहेत, आणि मी दोनदा दारापर्यंत जाऊन आलेय.